कुलगुरूंचा अहवाल वाचताना ‘कितीपैकी?’ एवढं विचारा

पदवीप्रदान समारंभ जवळ आला किंवा अ‍ॅडमिशनचा सीझन सुरू झाला की पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ फिरायला लागतात. कुठे कुलगुरूंचा वार्षिक अहवाल, कुठे प्राचार्यांचं मनोगत, कुठे नुसतंच रंगीत पोस्टर, नॅक (म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन) ए प्लस प्लस, एनआयआरएफमध्ये (म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये) अमुक नंबर, ९५ टक्के प्लेसमेंट, हायेस्ट पॅकेज ४४ लाख, पेटंट इतकी, एमओयू (इतर संस्थांशी सामंजस्य करार) तितके. मग संगमनेरहून नाहीतर बारामतीहून कुणीतरी विचारतं की सर, मुलीला इथे टाकायचंय, हे चांगलंय ना? मी एका कॉलेजात नॅकच्या क्रायटेरियन पाचचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रगतीच्या फाइलींचं काम बघतो म्हणून हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो आणि फोनवर दोन मिनिटांत नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

हे आकडे सहसा खोटे नसतात. आकडा खरा असतो, पण तुमच्या मनात असतो एक प्रश्न आणि तो आकडा उत्तर देत असतो दुसऱ्याच प्रश्नाचं. तुम्हाला कळायला हवं असतं की माझी मुलगी इथे आली तर वेळेत पदवी घेऊन, काहीतरी हाताशी घेऊन बाहेर पडेल का. अहवाल सांगतो की संस्थेचं यंदा काय काय चांगलं झालं. दोन्हींचा मेळ घालायचा असेल तर प्रत्येक आकड्यापुढे ‘कितीपैकी?’ आणि ‘कोणाचं?’ हे दोन प्रश्न लावायचे, बाकी फार काही लागत नाही.

‘कोणाचं?’ हे आधी बघू कारण इथे भलेभले गोंधळतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचंच घ्या. १९४९ साली सुरू झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू, २०१४ मध्ये सावित्रीबाईंचं नाव मिळालं. गणेशखिंडीतला ४११ एकरांचा कॅम्पस, तिथले विभाग, जयकर ग्रंथालय, हे एक विद्यापीठ. आणि पुणे, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांत पसरलेली शेकडो संलग्न कॉलेजं, जिथे बहुतेक मुलं प्रत्यक्षात शिकतात, ते दुसरं. डिग्रीवर दोन्हीकडे नाव एकच. पण एनआयआरएफमध्ये विद्यापीठाचा जो नंबर येतो तो कॅम्पसवरच्या विभागांच्या जोरावर, संलग्न कॉलेजांची माहिती त्यात धरलेली नसते. म्हणजे विद्यापीठ वर गेलं म्हणून हडपसरच्या किंवा सिन्नरच्या कॉलेजातल्या वर्गात काही बदललं असं होत नाही, आणि खाली आलं म्हणून तिथलं शिकवणं बिघडलं असंही नाही. त्या कॉलेजाचं त्याच कॉलेजाच्या कागदांवरून बघायचं.

आता निकाल. ‘आमच्या फायनल इयरचा निकाल ९३ टक्के’ हे वाक्य जवळपास प्रत्येक मनोगतात असतं. समजण्यासाठी एक काल्पनिक इंजिनिअरिंगची ब्रँच घेऊ. पहिल्या वर्षाला १२० मुलं आली, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला १२ आली, एकूण १३२. चार वर्षांनी फायनलच्या परीक्षेला बसली ९०, पास झाली ८४. मागच्या बॅचची मुलं यात येऊन मिसळतात ते सध्या बाजूला ठेवू. ९० पैकी ८४ म्हणजे ९३ टक्के, अहवालातला आकडा बरोबर. पण आली होती १३२, त्यातली वेळेत पदवी घेऊन बाहेर पडली ८४, म्हणजे साधारण ६४ टक्के. मधली ४२ मुलं परीक्षेच्या हॉलपर्यंत पोचलीच नाहीत म्हणून निकालात दिसतच नाहीत. स्वारगेटहून भरून निघालेली एसटी सोलापूरला पोचेपर्यंत तिसरा हिस्सा लोक मध्येच उतरलेत आणि आपण फक्त सोलापूर स्टँडवर उतरणाऱ्यांना ‘प्रवास कसा झाला’ विचारतोय, असं हे आहे.

ही मधली मुलं कुठे जातात हे मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि अहवालात यावर एक ओळही नसते. कोणाचा फर्स्ट इयरचा एम-वन, एम-टू म्हणजे गणिताचा पेपर राहतो, मग एटीकेटीवर, म्हणजे नापास विषय मागे ठेवून, पुढे सरकतो, विषय साठत जातात आणि एका वर्षी वायडी लागतो, म्हणजे वर्ष वाया जातं. मराठी मीडियममधून आलेली हुशार मुलं पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी पुस्तकांसमोर गप्प होतात, वर्गात शंका विचारत नाहीत, आणि आपल्याला काही येतच नाही असं त्यांना स्वतःलाच वाटायला लागतं. कुणाच्या घरी वडील आजारी पडतात, कुणाची महाडीबीटीवरची स्कॉलरशिप पुढच्या वर्षी जमा होते आणि तोपर्यंत मेसचं बिल आणि रूमचं भाडं थांबत नाही. यातलं सगळं कॉलेजच्या हातात नसतं हे मान्य, पण बरंचसं असतं. पहिल्याच महिन्यात ब्रिज कोर्स, म्हणजे कच्चा पाया भरून काढणारे जादा तास, घेणं, मेंटॉरने नुसती सही न घेता खरंच मुलाला बसवून बोलणं, स्कॉलरशिपच्या फॉर्ममधली त्रुटी ऑफिसने लगेच कळवणं, यात कुठलीही मोठी गुंतवणूक लागत नाही, लागतो तो रोजचा वेळ. आणि जिथे हे मनापासून होतं तिथे वेळेत बाहेर पडणाऱ्यांचा आकडा सुधारताना मी पाहिलाय.

हा आकडा शोधायला कुणाला विनंती करावी लागत नाही, ही गोष्ट फार कमी पालकांना माहीत आहे. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्थेला आपण भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. वेबसाइटवर एनआयआरएफ नावाचा टॅब शोधा, त्यात वर्षवार पीडीएफ असतात, दिसायला रटाळ, नुसते तक्ते. त्यात प्लेसमेंट आणि उच्च शिक्षणाचा तक्ता काढा. एकाच ओळीत दिसेल: त्या वर्षी पहिल्या वर्षाला किती प्रवेश झाले, लॅटरल एंट्रीने, म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला, किती आले, ठरलेल्या किमान मुदतीत किती पदवीधर झाले, किती प्लेस झाले, प्लेस झालेल्यांचा मीडियन पगार किती, आणि उच्च शिक्षणाला किती गेले. तीन बॅचच्या ओळी एकाखाली एक असतात. मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढून दोन भागाकार करा, झालं, मनोगताच्या दहा पानांपेक्षा जास्त कळेल.

त्याच पीडीएफमध्ये एकूण विद्यार्थ्यांमध्ये मुली किती, परराज्यातले किती, आर्थिक आणि सामाजिकदृष्ट्या मागास किती, आणि पूर्ण ट्यूशन फी सरकारकडून, संस्थेकडून किंवा खासगी संस्थांकडून परत मिळालेले किती, तेही असतं. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जातंय त्यांनी ‘संस्थेकडून’ हा कॉलम नक्की बघावा. सरकारी योजना सगळीकडे सारखीच लागू असते, संस्था स्वतःच्या खिशातून किती मुलांची फी भरते हे तिथे कळतं.

प्लेसमेंटकडे येऊ. वरचंच उदाहरण पुढे नेतो. ८४ पदवीधरांपैकी कंपन्यांच्या अटीत, म्हणजे ६० टक्के, लाइव्ह बॅकलॉग म्हणजे राहिलेला विषय नाही, टीपीओकडे (प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे) नाव नोंदवलंय, अशी बसली समजा ५०. त्यातली ४५ प्लेस झाली. पोस्टरवर ९० टक्के. पदवीधर झालेल्या ८४ पैकी बघितलं तर ५४ टक्के, आणि सुरुवातीला आलेल्या १३२ पैकी ३४ टक्के. तिन्ही आकडे एकाच बॅचचे. १० मुलं एमटेक, एमबीए किंवा परदेशात गेली तर ती वजा करणं रास्तच आहे, पण उरलेल्या २९ जणांचं काय? पुण्यात याचं एक उत्तर सगळ्यांना माहीत आहे, त्यातली काही मुलं सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीच्या जाहिरातीची वाट बघत बसलेली असतात. ती ना प्लेस्ड, ना उच्च शिक्षणात, त्यांच्यासाठी कुठल्याच तक्त्यात कॉलम नाही. डिग्रीनंतर दोन वर्षांनी मुलं कुठे आहेत हे फोन करून विचारणारं कॉलेज मला अपवादानेच दिसलंय, आणि जे विचारतं त्याला मी मनापासून मानतो.

अजून एक बघायचं, ‘३०० ऑफर्स’ आणि ‘३०० विद्यार्थी’ यात फरक असतो, एका मुलीकडे तीन ऑफर असतील तर ऑफर तीन मोजल्या जातात पण नोकरी एकच. इंटर्नशिपची ऑफर पण कधी कधी यात धरलेली असते, ते विचारून घ्या.

आणि पॅकेज. दहा मुलं प्लेस झाली, आठ जणांना साडेतीन लाख, एकाला सात लाख, एकाला ४४ लाख. सगळं मिळून ७९ लाख, भागिले दहा, सरासरी ७.९ लाख. आता बघा, ७.९ लाख त्या दहांपैकी कोणालाच मिळालेले नाहीत आणि आठ जणांना तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. मीडियन म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं की मधोमध येणाऱ्याचा पगार, तो इथे साडेतीन लाख. तुमचा मुलगा साधारण वर्गातल्या मधल्या मुलासारखा असेल असं धरून चालायचं तर मीडियन बघायचा. त्यातही सीटीसी म्हणजे हातात येणारा पगार नव्हे, कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स, व्हेरिएबल, कधी जॉइनिंग बोनस असं सगळं त्यात कोंबलेलं असतं. साडेतीन लाखांचे भागिले बारा केले की महिन्याचे २९ हजार दिसतात, प्रत्यक्ष खात्यात त्याहून कमी येतात, आणि त्यातून हिंजवडी किंवा खराडीला राहायचं असतं. ४४ लाखवाल्या मुलाचं कौतुक करायलाच हवं, त्याने मेहनत केली आहे, पण त्याच्या फोटोवरून बाकीच्या वर्गाचा अंदाज बांधू नका.

नॅकबद्दल लोकांना फारच आदर आणि फारच कमी माहिती आहे. नॅक ही १९९४ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, स्थापन केलेली बंगळुरूची संस्था, ग्रेड चारपैकी गुणांवर मिळते, ३.५१ च्या वर ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए, आणि तसंच खाली. सात निकष असतात. आता विद्यापीठासाठी एकूण हजार गुणांची वाटणी बघा: संशोधनाला २५०, शिकवणं आणि मूल्यमापनाला २००, अभ्यासक्रमाला १५०, आणि विद्यार्थ्यांना आधार आणि त्यांची प्रगती या माझ्या लाडक्या क्रायटेरियन पाचला १००. म्हणजे मुलांच्या प्रगतीत मध्यम असूनही उत्तम ग्रेड येऊ शकते. कॉलेजांसाठी वाटणी वेगळी आहे, तिथे शिकवण्याला जास्त वजन आहे. दुसरं म्हणजे ग्रेड साधारण पाच वर्षं टिकते आणि ती मिळते त्याच्याही आधीच्या पाच वर्षांच्या माहितीवर, त्यामुळे गेटवरच्या बोर्डावरची ग्रेड कधीकधी तुमची मुलगी तिसरीत होती तेव्हाच्या कॉलेजबद्दल सांगत असते. ग्रेडच्या खाली वर्ष लिहिलेलं असतं ते बघा. आता तर नॅक ग्रेड काढून टाकून फक्त मान्यता आहे किंवा नाही अशा बायनरी पद्धतीकडे चाललंय, त्यामुळे पुढे ही तुलना अशीही जमणार नाही. त्यापेक्षा दरवर्षी आयक्यूएसी, म्हणजे कॉलेजचा गुणवत्ता कक्ष, जो एक्यूएआर म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल अपलोड करते तो उघडा, ताजा असतो.

एनआयआरएफची पहिली यादी २०१६ ला आली. विद्यापीठांसाठी वजन असं असतं, शिकवणं आणि साधनं ३० टक्के, संशोधन ३०, पदवीधरांचे निकाल २०, सर्वसमावेशकता १०, आणि लोकांच्या मनातली प्रतिमा १०. रँक ही तुलना आहे हे लक्षात ठेवायचं. २०१६ मध्ये २,४२६ संस्था यात होत्या, २०२४ मध्ये ६,५१७. तुम्ही जागेवरच राहिलात तरी नवे आले की नंबर खाली जातो. आपलं पुणे विद्यापीठ २०२४ मध्ये राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या नव्या यादीत अण्णा विद्यापीठ आणि जादवपूर विद्यापीठानंतर देशात तिसरं होतं, २०२५ ला बरंच घसरलं, आणि गावभर चर्चा झाली. त्या चर्चेत एक गोष्ट मात्र ठासून बोलली जायला हवी होती, ती म्हणजे प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण थेट रँकिंगमध्ये मोजलं जातं, आणि जागा भरायची परवानगी राज्य सरकारकडून यावी लागते, कुलगुरूंच्या एकट्याच्या सहीने होत नाही. वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, पुढच्या सेमिस्टरला आपण असू की नाही हे माहीत नसताना शिकवणाऱ्या माणसांच्या जिवावर विभाग चालतात. अहवालात ‘मंजूर पदं किती, भरलेली किती’ हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

संशोधनाच्या आकड्यांवर थोडक्यात. ‘पेटंट पब्लिश झालं’ म्हणजे पेटंट मिळालं नाही. भारतात अर्ज केल्यावर १८ महिन्यांनी, किंवा विनंती केली तर त्याआधीही, तो अर्ज प्रसिद्ध होतो, एवढाच त्याचा अर्थ. तपासणी होऊन ‘ग्रँट’ झालं तर ते पेटंट. शोधनिबंधांचंही तसंच, किती छापले याहून कुठे छापले ते बघायचं. आपल्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये यूजीसीच्या मान्य जर्नलच्या यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली जर्नल तपासली तेव्हा त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त निकषांवर टिकली नव्हती. पुण्यातल्या लोकांनी केलेलं हे काम मला कुठल्याही रँकपेक्षा मोठं वाटतं. आणि एमओयूबद्दल एकच प्रश्न, त्या करारातून गेल्या वर्षी किती मुलं कुठे जाऊन आली?

यापुढचा प्रश्न थोडा नाजूक आहे, यश झालं ते कोणामुळे? उदाहरणार्थ ‘यंदा आमच्याकडे मुलींचे प्रवेश वाढले’ असं वाचलं की आनंद होतोच. पण २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, त्याचा परिणाम सगळीकडे दिसणारच. कॉलेजचं स्वतःचं कर्तृत्व बघायचं तर त्या मुली दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाला टिकल्या का ते बघा, होस्टेल आहे का, संध्याकाळच्या प्रॅक्टिकलनंतर परत जायला बस आहे का. तसंच कॉलेज ऑटोनॉमस म्हणजे स्वायत्त झाल्यावर निकाल एकदम वाढला असं दिसलं तर लक्षात घ्या की आता पेपर काढणारे आणि तपासणारे तेच आहेत. यात गैर असं काही नाही, चांगल्या ऑटोनॉमस कॉलेजांनी अभ्यासक्रम खरंच सुधारलेत, फक्त आधीच्या आणि नंतरच्या निकालाची तुलना करता येत नाही. कोविडच्या वर्षांतले ऑनलाइन एमसीक्यूचे निकालही कुठल्याच ग्राफमध्ये इतरांच्या शेजारी ठेवू नयेत.

नव्या शैक्षणिक धोरणाने यात अजून एक गुंता आणलाय. आता एका वर्षानंतर बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स, आणि क्रेडिट एबीसी आयडीवर, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतल्या मुलाच्या खात्यावर, साठून राहतात, म्हणजे नंतर परत येता येतं. ज्या मुलीचं शिक्षण लग्नामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे तुटायचं तिच्यासाठी ही खरोखर मोठी सोय आहे. पण पूर्वी जी मुलं ‘गळाली’ म्हणून मोजली जायची ती आता ‘सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडली’ म्हणून यशाच्या रकान्यात बसू शकतात. म्हणून पुढच्या काही वर्षांत अहवालांमध्ये बाहेर पडलेल्यांपैकी परत किती आले हा आकडा मागत राहायला हवा, आत्तापासूनच.

चांगला अहवाल कसा असतो? माझ्या मते त्यात टक्केवारीच्या शेजारी कच्चे आकडे असतात, मागच्या तीन वर्षांचे सलग असतात, यंदा काय कमी पडलं त्यावर एक परिच्छेद असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणाऱ्या कमवा आणि शिका योजनेत किती मुलांनी अर्ज केला आणि किती जणांना काम देता आलं हे दोन्ही असतं. समुपदेशक किती विद्यार्थ्यांमागे एक आहे ते असतं. असं लिहिणाऱ्या कुलगुरूंना किंवा प्राचार्यांना कमी आकड्यांवरून झोडपू नका प्लीज, नाहीतर पुढच्या वर्षी ते पण फक्त हायेस्ट पॅकेज छापतील.

अ‍ॅडमिशनला जाताना टीपीओला भेटून तुमच्या ब्रँचचं, फक्त तुमच्या ब्रँचचं, विचारा की चार वर्षांपूर्वी किती आले, वेळेत किती पास झाले, किती प्लेस झाले, मीडियन किती. कॉलेजला हे आकडे शोधावे लागत नाहीत, दरवर्षी भरावेच लागतात. फायनलची दोन मुलं कँटीनला गाठून त्यांच्या वर्गात फर्स्ट इयरला किती होते तेही विचारा. आणि तुम्ही स्वतः या विद्यापीठाचे पदवीधर असाल तर अजून एक दार उघडं आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे विद्यापीठाचा वार्षिक अहवाल अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे, येतो आणि त्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. पुण्यातली गेली निवडणूक २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये झाली. मतदार म्हणून नाव आपणहून नोंदवावं लागतं आणि लाखो पदवीधरांपैकी फार थोडे ते करतात. आपल्या भागातला सदस्य कोण ते शोधा, त्याला गाठा आणि पुढच्या अधिसभेत विभागवार ‘आले किती, वेळेत बाहेर पडले किती’ हा प्रश्न टाकायला सांगा.